गवतातल्या ढेकणाचे बारसे

सड्यावरच्या किंवा माळरानावरच्या गवतात ढेकणाची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आली, तर ती आतल्या पानावर चार ओळींत उरकली जाते. नवा बेडूक असेल, साप असेल किंवा एखाद्या कोळ्याला क्रिकेटपटूचे नाव दिलेले असेल, तर छायाचित्रासह छापून येते. गवतातला ढेकूण त्या मानाने अगदीच बिनचेहऱ्याचा. पाच-सात मिलिमीटर लांब, काडीसारखा बारीक, हिरवा नाहीतर वाळल्या पेंढ्याच्या रंगाचा. छायाचित्र छापलेच तर त्यात गवत कुठे संपते आणि किडा कुठे सुरू होतो, हे बाण काढून दाखवावे लागेल. अशा किड्याला नाव मिळाले काय आणि न मिळाले काय, कोणाचे काय अडले होते, असे वाचणाऱ्याच्या मनात आले तर त्यात त्याचा दोष नाही. अडते ते शेतकऱ्याचे, आणि तेही त्याच्या लक्षात न येता.

‘ढेकूण’ म्हटले की अंथरुणातला रक्त पिणारा आठवतो. हा त्याचा लांबचा नातेवाईक. कीटकशास्त्रात या कुळाला ‘मिरिडी’ म्हणतात. आतापर्यंत जगभरातल्या ११ हजारांहून अधिक प्रजातींना या कुळात नावे मिळाली आहेत. ढेकणांच्या साऱ्या गोतावळ्यातले हे सर्वांत मोठे कुळ. त्यातल्या ‘स्टेनोडेमिनी’ नावाच्या शाखेने गवत हेच आपले अन्न मानले आहे. सुईसारखी सोंड पानात किंवा कोवळ्या दाण्यात खुपसायची, लाळ सोडून आतला गर पातळ करायचा आणि तो ओढून घ्यायचा, ही यांची जेवणाची रीत. मादी अंडीसुद्धा गवताच्या आतच खुपसून ठेवते. आणि गवत म्हणजे फक्त हरळी, कुसळी, मारवेल नव्हे. ज्वारी, बाजरी, भात, गहू, ऊस ही सगळी गवतेच. माळावरच्या गवतातून शेतातल्या गवतात यायला या किड्याला बांध ओलांडण्यापुरतेच श्रम पडतात.

खरिपाची ज्वारी निसवली की कणसात उतरणारा ‘कॅलोकोरिस अँगुस्टॅटस’ याच मिरिडी कुळातला, शाखा मात्र वेगळी. लेथिएरी या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये त्याचे नामकरण केले. फुलोऱ्यातल्या कणसात, तुसांच्या आत मादी अंडी घालते. आठवडाभरात पिल्ले बाहेर पडून चिकातल्या दाण्यांचा रस शोषू लागतात, आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा सगळा प्रवास अडीच आठवड्यांच्या आसपास उरकतो. दाणा सुरकुततो, डागाळतो, आणि वर पाऊस लागला की त्याच दाण्यावर बुरशी सहज चढते. घट्ट, भरगच्च कणसाच्या ज्वारीत या किड्याला लपायला जागा आणि सावली दोन्ही मिळते. मोकळ्या, विस्कटलेल्या कणसाच्या जुन्या वाणांत ती सोय कमी. उत्पन्न वाढवण्यासाठी कणीस भरगच्च केले आणि त्याबरोबर भाडेकरूही घरात घेतला, असा हा प्रकार.

ज्वारी मुळात आफ्रिकेची, त्यामुळे तिथेही हेच घडले. मालीसारख्या पश्चिम आफ्रिकी देशांत सुधारित, घट्ट कणसांचे वाण आले आणि त्यांच्यावर ‘युरिस्टायलस’ गणातला ढेकूण तुटून पडला. बुटके वाण, प्रतिकारक वाण, पेरणीची तारीख अशा सर्व अंगांनी त्यावर संशोधन झाले. पण बरीच वर्षे अहवालांत हा किडा ‘इम्माक्युलॅटस’ म्हणून नोंदला जात होता. हे नाव थॉमस ओधियाम्बो यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिलेले. हेच ओधियाम्बो पुढे नैरोबीतल्या कीटकविज्ञान संस्थेचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये गॅरी स्टोनडॉल यांनी आफ्रिकेतल्या साऱ्या युरिस्टायलसांची नव्याने छाननी केली, तेव्हा ज्वारीचा खरा शत्रू ‘युरिस्टायलस ओल्डी’ ठरला. त्याला पोपियस या फिनलंडच्या अभ्यासकाने कितीतरी आधीच नाव देऊन ठेवले होते. शत्रूचे नाव संग्रहालयाच्या पेटीत होते आणि शेतात लढाई भलत्याच नावाने चालली होती. एका देशातल्या प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या देशात वापरायचा तर मुळात दोन्हीकडे किडा एकच आहे ना, एवढे तरी ठाऊक हवे. वर्गीकरणाला ‘नावे ठेवण्याचा उद्योग’ म्हणून हसणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

त्याहून घरगुती उदाहरण भाताचे आहे. भाताच्या चुडात एक लहान हिरवट-काळा मिरिड फिरत असतो, ‘सिर्टोऱ्हायनस लिव्हिडिपेनिस’. दिसायला पीकखाऊ भाऊबंदांसारखाच. पण हा खोडाच्या आवरणात सोंड खुपसतो ती रसासाठी नव्हे, तर तिथे तपकिरी तुडतुड्यांनी घातलेली अंडी फस्त करण्यासाठी. हे तुडतुडे वाढले की भात जागच्या जागी करपल्यासारखा वाळतो. त्यामुळे कीटकशास्त्रज्ञ या मिरिडाला मित्रकीटकांत मोजतात. ओळख न पटता फवारणी झाली तर आधी मित्र मरतो, आणि झाडाच्या आत सुरक्षित असलेली तुडतुड्यांची अंडी नंतर निवांत फुटतात. एकाच कुळातले दोन किडे, एक ज्वारीवरचा चोर आणि एक भातावरचा राखणदार. नुसत्या डोळ्यांनी हा फरक दरवेळी कळत नाही. तो कुणीतरी शांतपणे बसून लिहून ठेवलेला असावा लागतो.

हे लिहून ठेवणे म्हणजेच प्रजातीचे वर्णन. काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. गवतावरून झोळीसारखे जाळे फिरवून किडे गोळा करायचे, कागदाच्या इवल्याशा त्रिकोणाच्या टोकावर एकेक चिकटवायचा, पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली उलगडायचे. मिरिडांत नराच्या जननांगाचे डावे आणि उजवे अंकुश वेगवेगळ्या आकाराचे असतात, आणि पुष्कळदा प्रजातीची खरी ओळख त्या डाव्या अंकुशातच दडलेली असते. अलीकडे जोडीला डीएनएचा ६५८ अक्षरांचा ‘बारकोड’ही वाचतात. मग जवळच्या प्रत्येक ज्ञात प्रजातीशी तुलना आली. भारतातल्या मिरिडांसाठी आजही पहिले पान उघडावे लागते ते डिस्टंट या ब्रिटिश अभ्यासकाने ‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या खंडांचे. त्याच्या वर्णनात रंगाचे चार शब्द असतात, जननांगाचा उल्लेख सहसा नसतो, आणि मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात. म्हणजे कासच्या पठारावरचा ढेकूण नवा आहे की नाही, हे ठरवायला एक खेप लंडनला, निदान तिथून आलेली छायाचित्रे तरी हवीत.

एवढे करून पदरात काय पडते? मूल्यमापनाच्या तक्त्यात जवळपास शून्य. वर्णनाच्या शोधनिबंधाचे संदर्भ फार थोडे लोक देतात. पुढे त्या किड्यावर शेकडो निबंध लिहिले गेले तरी नाव ठेवणाऱ्याचा मूळ निबंध संदर्भयादीत बहुधा नसतो. वर्गीकरणाचे सर्वांत मोठे नियतकालिक ‘झूटॅक्सा’. २०२० मध्ये त्याच नियतकालिकातले संदर्भ त्यात फार येतात, म्हणून त्याचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’च रोखला गेला होता, जगभरातून ओरड झाल्यावर तो परत मिळाला. ज्या विषयाचे एवढे काम एकाच ठिकाणी छापले जाते, त्याने संदर्भ दुसऱ्या कुठल्या गावचे द्यायचे? कायद्याचीही अडचण आहे. जैवविविधता कायदा २००२ मधला. नव्या प्रजातीचे नमुने ठरलेल्या भारतीय संस्थेत जमा करण्याची त्यातली अट योग्यच आहे, पण परदेशी तज्ज्ञांशी नमुन्यांची देवाणघेवाण त्यामुळे अवघड झाली. के. डी. प्रथपन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लिहिले, तेव्हा शीर्षकातच ‘मृत्युदंड’ असा शब्द होता. दहा वर्षांनी तेच गाऱ्हाणे त्यांना ‘सायन्स’मध्ये मांडावे लागले.

तरीही काम थांबलेले नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात देशाच्या प्राणीसूचीत ६४१ प्रजातींची भर पडली; त्यातल्या ४४२ विज्ञानाला पूर्णपणे नव्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत एकूण आकडा १,०४,५६१ आहे. आकडा अभिमानाचा आहेच. पण या अभिमानात एक उणीव झाकली जाते, आणि तिचा दोष सरकारवर ढकलता येणार नाही. तो अभ्यासकांचा आहे.

ती उणीव अशी की, पुष्कळ वर्णनांत किडा कुठे आणि कधी सापडला हे असते, पण तो कशावर सापडला हे नसते. ‘दिव्यावर आलेला’ किंवा ‘गवतात जाळे फिरवून’ एवढीच नोंद. गवतात, म्हणजे कोणत्या गवतात? पवन्यात की मारवेलात, बांधावरच्या पाखडात की कापणीनंतर फुटलेल्या धाटाच्या धुमाऱ्यात? त्याच्या पिल्लांचा पत्ता नसतो, अंड्यांचा तर नाहीच. अशा वर्णनाने किड्याला नाव मिळते, पत्ता मिळत नाही. फुलोरा नसलेले गवत ओळखणे वनस्पतिशास्त्रज्ञालाही जड जाते, ही सबब खरी आहे. पण शिवाजी विद्यापीठाने २०१२ मध्ये महाराष्ट्रातल्या गवतांवरचा जाडजूड ग्रंथ काढला आहे, आणि गवताची एक काडी कागदात दाबून शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन दाखवायला प्रकल्प मंजूर व्हावा लागत नाही.

पत्ता ठाऊक असला की काय साधते, ते जपानमध्ये दिसते. तिथे भाताच्या दाण्यावर डाग पाडणाऱ्या एका सडपातळ हिरव्या मिरिडाने शेतकऱ्यांना जेरीस आणले आहे. शास्त्रीय नाव ‘ट्रायगोनोटायलस सीलेस्टिॲलियम’. जपानी नावात त्याला चक्क लाल मिशांचा म्हणतात, कारण त्याच्या शृंगिका लालसर असतात. हा अस्सल गवतखाऊ शाखेतला. डागाळलेला तांदूळ खायला अपायकारक नाही. पण तिथल्या प्रतवारीत हजारात एकापेक्षा जास्त डागी दाणे निघाले की पहिली प्रत हुकते, म्हणून फवारण्या होतात. हाच किडा उत्तर अमेरिकेतही होता, मात्र तिथे तो ‘रुफिकॉर्निस’ या भावंडाच्या नावावर खपत होता. १९८५ मध्ये व्हीलर आणि हेन्री या अभ्यासकांनी ती गफलत निस्तरली. दोघांतला फरक केवढा? शृंगिकेच्या पहिल्या पेरावरच्या लाल रेघांच्या कडा रेखीव की पुसट, एवढा.

जपानी संशोधकांनी या किड्याचा मुक्काम नेमका हुडकला. अंडी बांधावरच्या गवतांच्या पानांच्या आवरणात हिवाळा काढतात, पिल्ले त्या गवतांवर वाढतात आणि भात निसवला की प्रौढ किडे शेतात उतरतात. मादीच्या गंधातली तीन रसायने २००१ मध्ये ओळखली गेली आणि त्यावर सापळे निघाले. सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र विळ्याचा ठरला. बांधावरचे गवत भात निसवण्याच्या साधारण दोन आठवडे आधी कापून टाकायचे. तेच गवत निसवल्यानंतर कापले, तर बेघर झालेले सगळे किडे थेट लोंब्यांवर येतात. पंधरा दिवसांच्या या फरकामागे औषध नाही, यंत्र नाही. कोणता किडा कोणत्या गवतात कधी राहतो, एवढीच माहिती आहे.

महाराष्ट्रात ही माहिती मिळवायची जागाच आक्रसते आहे. माळराने सरकारदरबारी पुष्कळदा ‘पडीक’ धरली जातात आणि मग तिथे झाडे लावा, सौर पॅनेल बसवा, काहीही करा, कोणी विचारत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर अशी गवते आहेत जी जगात दुसरीकडे कुठे उगवत नाहीत. त्यांच्यावर पोसणारे किडेही कदाचित तिथलेच असतील. त्यांतला कोण उद्या बांध ओलांडून नाचणीच्या कणसात येईल आणि कोण तुडतुड्यांची अंडी खाईल, हे नुसता दिव्याखाली मरून पडलेला नमुना सांगत नाही. त्यासाठी तो पिल्लांसकट गवताच्या काडीवर सापडावा लागतो, आणि काडीला तुरा असावा लागतो. सड्यांवर ती मुदत पावसाळ्याच्या अखेरच्या थोड्या आठवड्यांची. त्यानंतर गवत वाळते, कापले जाते नाहीतर वणव्यात जाते.