६९७ ला काचेत ठेवू नका

आमच्या हीट इंजिन लॅबमध्ये खिडकीखाली एक इंजिन होतं. होतं म्हणजे आहेच, पण तेव्हा त्याच्यावर ताडपत्री असायची आणि ताडपत्रीवर आमच्या बॅगा. पावसाळ्यात छत्र्यासुद्धा. सेकंड इयरला ओरलच्या रांगेत उभं असताना मी त्याला टेकून आख्खं युनिट वाचून काढलंय, पण ताडपत्रीखाली काय आहे ते उचलून पाहिलं नाही. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद अशी आहे : ‘टाटा ६९७, डिझेल, सहा सिलिंडर, नग १’. मला वाटायचं ६९७ हा लॅबमधल्या वस्तूचा नंबर असेल. खुर्ची नंबर ६९६, इंजिन नंबर ६९७!

गेल्या वर्षी ते भंगारात निघणार होतं. आम्ही नऊ जण सरांच्या मागे लागलो, ते मागून घेतलं, चार महिने रोज साडेपाचनंतर बसून पूर्ण खोललं, पुन्हा बांधलं आणि फेब्रुवारीत ते सुरू झालं. हे बहुतेकांना माहीत आहे, कारण आवाज मेसपर्यंत आला होता. आता डिपार्टमेंटचा विचार असा आहे की इंजिनाला छान रंग द्यायचा, पोर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचं, खाली पितळी पाटी आणि पाटीवर आमची नऊ नावं. गॅदरिंगला उद्घाटन.

माझं म्हणणं, नका ठेवू. कृतघ्नपणा वाटेल, पण आधी ऐकून घ्या.

हे इंजिन एका ट्रान्सपोर्टवाल्यांनी फार पूर्वी कॉलेजला दिलं. जुन्या, बोनेट पुढे आलेल्या टाटा ट्रकचं. या ट्रकची गोष्ट पुस्तकात नसते म्हणून थोडक्यात सांगते. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. करार पंधरा वर्षांचा होता. तोपर्यंत आपल्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला, पण इंजिनाची घडण राहिली. आमच्या ६९७ चा बोअर आणि स्ट्रोक मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाएवढाच आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने घाटात ज्याच्या मागे अर्धा अर्धा तास काढला, तो काळा धूर या खानदानाचा.

आता नावाबद्दल. हेड उतरवल्यावर पहिल्या सिलिंडरमध्ये आम्ही डायल बोअर गेज घातला. तळाशी, जिथे रिंग पोचत नाही, तिथे रीडिंग आलं ९७ मिलिमीटर आणि वर थोडं काहीतरी. मी वहीत ९७ लिहिलं, वर ‘सिलिंडर ६ पैकी १’ असं आधीच लिहिलेलं होतं, आणि एकदम ट्यूब पेटली. सहा सिलिंडर, सत्त्याण्णवचा बोअर. सहा-सत्त्याण्णव! मग हॉस्टेलवर जाऊन बाकीचे नंबर तपासले. टाटाचं ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ चा बोअर. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ चा बोअर. स्ट्रोक १२८ धरून कॅल्क्युलेटरवर टाका, ६९७ चे ५६७५ सीसी येतात. एवढी साधी गोष्ट. हा आकडा वर्षानुवर्षं आमच्या बॅगांखाली होता, आणि याच लॅबच्या फाइलमध्ये ‘स्टडी ऑफ फोर स्ट्रोक डिझेल इंजिन’ नावाचं प्रॅक्टिकल आम्ही दहापैकी नऊ मार्कांनी पूर्ण केलेलं होतं. (फाइल अर्थातच सीनियरची. गजन पिनचं स्पेलिंग तीन बॅच सलग चुकीचं उतरलंय, मी खात्री करून घेतली.)

त्याच सिलिंडरमध्ये गेज वर सरकवला तर रीडिंग वाढत गेलं आणि अगदी वर, वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे, ते तळापेक्षा तीस-पस्तीस शतांश मिलिमीटरनं जास्त होतं. वर बोट फिरवलं तर कड लागते. पिस्टन तिथे क्षणभर थांबतो, तेलाचा थर तुटतो, वरून ज्वलनाचा दाब रिंगला भिंतीवर रेटतो. हे कारण मला पाठ होतं. ट्रायबॉलॉजीच्या युनिटमध्ये सहा मार्कांना येतं. पण बोटाला कड लागली तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं असं म्हणायला हरकत नाही.

आम्हाला शिकवलं ते चाचांनी. चाचा ट्रक टर्मिनलजवळच्या गॅरेजमध्ये पन्नासएक वर्षं हेच काम करतात. वर्कशॉपच्या मामांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून आठवड्यातून दोनदा यायचे. मी कॉन्व्हेंटची. प्रेझेंटेशन इंग्रजीत द्या म्हटलं तर अर्धा तास बोलेन, पण पहिल्या दिवशी चाचांनी ‘गोटी दे’ म्हटलं तर मी इकडेतिकडे बघत राहिले. गोटी म्हणजे सॉकेट. आम्ही क्लिअरन्स म्हणतो त्याला ते ‘चाल’ म्हणतात, आणि मला आता तोच शब्द बरा वाटतो, कारण बेअरिंगमध्ये क्रँकला चालायला जागा लागते, तेवढीच ती.

चुका पुष्कळ झाल्या. एक रिंग चढवताना तुटली. टॅपेट कव्हरचा एक बोल्ट अजून सापडलेला नाही. पण खरी चूक माझी आहे आणि ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही.

या इंजिनाच्या क्रँकला सात मेन बेअरिंग असतात. प्रत्येक बेअरिंगची खालची कॅप वेगळी निघते. सातही कॅपा दिसायला जवळजवळ सारख्या, पण कारखान्यात त्या ब्लॉकवर कसून, एकत्र बोअर केलेल्या असतात. त्यामुळे तीन नंबरची कॅप तीनलाच बसली पाहिजे, आणि त्याच दिशेने. कॅपांवर ठोकलेले नंबर गंजाखाली गेले होते, म्हणून आम्ही रंगाने आकडे घातले. आणि मी, स्वच्छतेची फार आवड असल्यामुळे, सगळ्या कॅपा रॉकेलमध्ये घासून धुतल्या. रंग गेला. मी अंदाजाने रांग लावली आणि कुणाला बोलले नाही.

बोअरिंगवाल्याकडून ब्लॉक नवे लायनर घालून, बोअर-होन होऊन आला होता. क्रँक पंचवीस शतांश ग्राइंड होऊन आला होता, त्या मापाची बेअरिंगं आली होती. तेल लावून क्रँक ठेवला, कॅपा बसवल्या, टॉर्क रेंचने कसल्या. क्रँक हलेना. दोघांनी जोर लावला तरी नाही. कुणी म्हणालं ग्राइंडिंग चुकलं, कुणी म्हणालं बेअरिंग चुकीच्या मापाची दिली. मीही मान हलवली, हे लिहायला लाज वाटते. चाचा आले, चहा संपवला, आणि म्हणाले, “एक एक कॅप ढिली करो, घुमाके देखो.” एकापासून सुरुवात केली. एक ढिली, क्रँक जाम. ती परत कसून दोन ढिली, जाम. तीन ढिली केली तर क्रँक जरा हलला. पाच ढिली केली तरीही जरा हलला. चाचांनी दोन्ही कॅपा उलट्या करून वायर ब्रशने पुसल्या आणि माझ्यापुढे धरल्या. “बेटा, नंबर पढा था क्या?” त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. तीनच्या जागी पाच, पाचच्या जागी तीन. फरक शतांशात. बदलल्या, कसल्या, आणि सात कॅपा पूर्ण आवळलेल्या असताना क्रँक मी एका हाताने फिरवला.

त्या वेळी दिसतं की एक आणि सहा बरोबर वर येतात, दोन आणि पाच, तीन आणि चार. टॉम-२ च्या पेपरला सहा सिलिंडरचं बॅलन्सिंग मी सोडवलेलं आहे. प्रायमरी फोर्स शून्य, सेकंडरी शून्य, दोन्ही कपल शून्य, उत्तराखाली दोन रेघा. क्रँक हातात असला की त्या शून्याचं कारण समोर असतं : अर्धा क्रँक दुसऱ्या अर्ध्याचं आरशातलं रूप आहे.

सुरू झालं त्या संध्याकाळचं फार लांबवत नाही. पंप आणि नोजल कॅलिब्रेट होऊन आले होते. हँड प्रायमरने डिझेलमधली हवा काढली, नोजलचे पाइप ढिले करून पुन्हा काढली. स्टार्टर मारला, पांढरा धूर, खोकला, बंद. पुन्हा. तिसऱ्यांदा तीन-चार सिलिंडर धरले, मग सगळे. आम्ही आठ जण मोबाइलवर शूटिंग करत होतो. चाचा फक्त ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघत होते. काटा चढला तेव्हा त्यांनी हात पुसले. नऊचा इन-टाइम असल्यामुळे मी पावणेनऊला धावत निघाले, त्यामुळे पेढे मला मिळाले नाहीत!

(दुसऱ्या दिवशी आम्ही कव्हरवर रुपयाचं नाणं उभं केलं. इनलाइन सिक्सवर ते उभं राहतं असं ऐकलं होतं. आमचं सरकत सरकत पडलं. सर म्हणाले, विचार करा. उत्तर असं की फोर्स बॅलन्स झाले तरी टॉर्क सारखा येत नाही, एका फेऱ्यात तीन धक्के येतात. आयडलिंगला मिनिटाला सहाशे फेरे धरले तर सेकंदाला तीस. शिवाय आमची सहा नोजल अगदी एकसारखं डिझेल देत असतील असं छातीठोकपणे मी सांगणार नाही.)

आता काच. पेटीत ठेवलं की ते इंजिन पुढच्या बॅचला काय शिकवणार? नऊ जणांची नावं. त्यांच्यासाठी ते पुन्हा ताडपत्रीखालचं इंजिनच, फक्त ताडपत्री पारदर्शक. माझी मागणी अशी की दर वर्षी थर्ड इयरच्या एका गटाने ते खोलावं आणि बांधावं. सगळं नाही. हेड उतरवावं, व्हॉल्व्ह घासावेत, एक पिस्टन काढून रिंगची तोंडं मोजावीत, सात कॅपा काढून परत बसवाव्यात, आणि शेवटी सुरू करून दाखवावं. फाइलमधलं ते ‘स्टडी ऑफ’ त्याऐवजी रद्द करावं.

यावर मला मिळालेली उत्तरं मी लपवत नाही. पार्ट हरवतील : हो, हरवतील, बोल्टचं सांगितलंच. हात सापडेल : चेन-ब्लॉकचं काम मामांशिवाय करायचं नाही, एवढा नियम पुरे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, गाड्या स्कॅनर लावून दुरुस्त होतात, पुढे इलेक्ट्रिक येणार, हे जुनं शिकून काय उपयोग? यामुळे कुणाला प्लेसमेंट मिळेल असं मी म्हणतच नाही. पण ‘माप घेतल्याशिवाय बोलू नको’ हे स्कॅनरवाल्यालाही लागतं, आणि बेअरिंग मोटारलाही असतंच.

सगळ्यात अवघड उत्तर चाचांचं आहे. त्यांना मी माझा विचार सांगितला तेव्हा ते सरळ नाही म्हणाले. “चलते इंजिन को पाना नहीं लगाते.” त्यांचं खरं आहे. दर वेळी हेड गॅस्केट नवं लागतं, ब्लॉकमधले आटे झिजतात, बसलेल्या रिंगा पुन्हा बसायला वेळ घेतात. पाच-सात वर्षांत एखादा आटा जाईलच. ज्याच्यावर कुणाचं घर चालतं अशा ट्रकला त्यांचा नियम शंभर टक्के लागू. पण या इंजिनाला आता कुठला माल ओढायचा नाही. आटा गेला तर आटा कसा दुरुस्त करतात ते तेव्हाचा गट शिकेल. मी हे चाचांना सांगितलं. ते पटलं असं म्हणाले नाहीत, पण ‘गॅस्केट ओरिजिनल लाना’ असं म्हणाले.

एचओडी सरांच्या नावे अर्ज तयार आहे. गॅस्केटच्या खर्चासाठी आम्ही नऊ जण पहिल्या वर्षाची वर्गणी द्यायला तयार आहोत. पाटीच्या पैशात ते सहज बसेल. अर्जाची एक प्रत लेडीज हॉस्टेलच्या मेसबाहेर आणि एक लॅबमध्ये मामांच्या टेबलावर आहे. आजपर्यंत ४१ सह्या झाल्यात. रंगारी सोमवारी येणार आहे, त्यामुळे सही करायची असेल तर शनिवारच्या आत करा. आणि तो टॅपेट कव्हरचा बोल्ट कुणाला सापडला तर मामांकडे द्या.