पामतेलाचा करार आणि सोयाबीनचा भाव

सोयाबीनचा भाव कोसळला की बाजार समितीच्या आवारात सर्व दोष परदेशांशी झालेल्या व्यापारी करारांच्या माथी मारला जातो. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु ते निम्मेच आहे.

भारत आणि आग्नेय आशियातील ‘आसियान’ राष्ट्रे यांच्यामधील मुक्त व्यापाराचा करार १३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉक येथे झाला व १ जानेवारी २०१० पासून अमलात येऊ लागला. त्यातून ४८९ जिन्नस वगळण्यात आले. पामतेलासाठी मात्र निराळी तरतूद झाली. कच्च्या पामतेलावरील जकात ८० टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांपर्यंत आणि शुद्ध तेलावरील ९० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांपर्यंत २०१९ अखेर क्रमाक्रमाने उतरवावयाची होती. मिरीचा दर ७० वरून ५० वर यावयाचा होता; त्यामुळे केरळातील मिरी उत्पादकांची भीती निराधार म्हणता येत नाही.

लाभ प्रथम मलेशिया व इंडोनेशियातील मळेवाल्यांचा झाला. येथे तो बिस्किटे, फरसाण बनविणाऱ्यांना आणि दुकानातून तेल घेणाऱ्या प्रत्येक घराला मिळतो. भूमिहीन मजुराला तर तेल स्वस्त झाल्याचा फायदाच होतो. सोयाबीन पिकविणारा कोरडवाहू शेतकरी आपला सगळा माल विकतो आणि घरचे तेल विकत आणतो. तोट्याबरोबर थोडी बचत त्याच्याही पदरी पडते, पण तोट्याच्या मानाने ती फारच अल्प होय. झळ केवळ शेतकऱ्यालाच बसते असेही नाही. १ जानेवारी २०१९ पासून मलेशियाच्या शुद्ध पामतेलावर ४५ टक्के व कच्च्यावर ४० टक्के जकात राहिली. पाच टक्क्यांच्या या फरकात येथील तेल शुद्धीकरण कारखान्यांना धंदा परवडेना. अखेर त्याच सप्टेंबरात मलेशियाच्या शुद्ध तेलावर सहा महिन्यांसाठी पाच टक्के जादा जकात बसवावी लागली.

आता उरलेले निम्मे. करारात ठरते ती जकातीची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष दर दिल्लीत ठरतो. २०१० मध्ये करार कच्च्या पामतेलावर ७० टक्क्यांहून अधिक जकातीस मोकळीक देत होता. महागाईमुळे सरकारने ती २००८ मध्येच शून्यावर आणलेली होती, आणि २०१३ च्या जानेवारीपर्यंत ती शून्यच राहिली. सोयाबीनचे तेल तर मुख्यत्वे अर्जेंटिना व ब्राझील या आसियानबाहेरील देशांतून येते.

शिवाय शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते अवघे अठरा किलोच्या आसपास. बाकी बहुतेक पेंड. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलांवर २० टक्के मूळ जकात लागू झाली, तरी पेंडीला उठाव नसल्याने त्या हंगामात महाराष्ट्रातील अनेक बाजारांत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. भाव समजावून सांगणाऱ्या कृषी सहायकाने तेलाबरोबर पेंडीचे दरही पाहिले पाहिजेत.

ती जकात ३० मे २०२५ रोजी पुन्हा १० टक्क्यांवर आली. खरिपाची पेरणी तोंडावर होती आणि बियाणे अनेकांच्या घरी येऊन पडले होते. जकातीचा दर बियाणे खरेदीपूर्वी जाहीर व्हावा व माल विकला जाईपर्यंत हलवू नये, ही मागणी करार मोडण्याच्या मागणीहून अधिक व्यवहार्य आहे. तिला कोणत्याही परराष्ट्राची संमती लागत नाही.