बाळंतिणीच्या हाती मोबाइल, शासनाचे हात मोकळे

प्रसूतीनंतर स्त्रीच्या मनावर जे मळभ दाटते, त्यावर अलीकडे एक नवा उपाय पुढे करण्यात येत आहे. मोबाइलवर किंवा संगणकावर उघडावयाचे काही पाठ, काही आठवड्यांचा क्रम आणि प्रत्येक पाठाअखेर एक स्वाध्याय, असे त्याचे स्वरूप आहे. मनात येणाऱ्या निराश विचारांची नोंद करावी, ते विचार तपासून पाहावेत, दिवसाकाठी एखादी आनंद देणारी गोष्ट ठरवून करावी, असे हे पाठ सांगतात. दवाखान्यात जावयास नको, कामावर खाडा नको, कोणापाशी तोंड उघडावयास नको. बाळंतिणीने आपले आपणच सावरावयाचे. 'स्वयंसाह्य' हे त्याचे गोंडस नाव. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत असे उपक्रम दशकाहून अधिक काळ चालू आहेत. आणि जेथे लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा धड वाट्याला येत नाही, त्या भारतात तर हा उपाय रामबाण म्हणून मांडला जाऊ लागला आहे.

या साधनाला सरसकट झोडपून काढणे हे पुरोगामीपणाचे लक्षण ठरणार नाही. लाजेपोटी कोणाशीही बोलू न शकणाऱ्या एखाद्या स्त्रीला त्यातून चार शहाणपणाच्या गोष्टी कळल्या, आपल्याला झाले आहे तो आजार आहे, अपराध नव्हे, एवढे जरी उमगले, तरी ते मोलाचेच आहे. प्रश्न साधनाचा नाही. ते साधन कोणाच्या जागी उभे केले जात आहे, याचा आहे. परिचारिकेच्या सोबतीने येणारा पाठ ही मदत होय. परिचारिकेच्या ऐवजी येणारा पाठ ही शासनाने जबाबदारीतून करून घेतलेली सुटका होय. या दोहोंमधील फरक पुसून टाकण्यातच आजच्या प्रचाराचे सारे कौशल्य आहे.

आजार खरा आहे, हे प्रथम निःशंकपणे मान्य केले पाहिजे. भारतातील ३८ अभ्यासांचा आणि सुमारे २० हजार मातांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. असे असूनही कष्टकऱ्यांच्या चळवळीत वावरणाऱ्या अनेकांना आजही हे 'शिकलेल्या बायकांचे चोचले' वाटतात. वेतन, बोनस, रेशन, पाणी या मागण्यांच्या यादीत बाळंतिणीच्या मनाला जागा नसते. चळवळीने मोकळी सोडलेली ही जागा बाजाराने आणि शासनाने आपल्या सोयीने भरून काढली, तर त्यात नवल ते काय?

चोचल्यांचा हा समज किती पोकळ आहे, हे गोव्यातील एका अभ्यासानेच दाखवून दिले आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील मातांची केलेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के स्त्रिया नैराश्याने ग्रस्त असल्याचे दिसले. हे नैराश्य कशाशी निगडित होते? आर्थिक ओढगस्तीशी, नवऱ्याच्या मारहाणीशी, बिघडलेल्या दांपत्यसंबंधांशी. आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली, या घरच्यांच्या नाराजीशी. हा आजार सुखवस्तू घरातही शिरतो, त्याला शरीराची कारणेही असतात, हे खरेच. परंतु त्याचे ओझे दारिद्र्याच्या आणि पुरुषसत्तेच्या बाजूला अधिक झुकलेले आहे. ज्या स्त्रीला नवरा मारतो, जिच्या पदरी दुसरी मुलगी आली म्हणून सासूने बोलणे टाकले आहे, तिला 'निराश विचार तपासून पाहा' असे सांगणे म्हणजे तिच्या विचारांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. तिचे विचार चुकलेले नाहीत. तिची परिस्थितीच तशी आहे.

स्वयंसाह्याच्या पुरस्कर्त्यांनी आपल्याच प्रयोगांचे निष्कर्ष नीट वाचावयास हवेत. ब्रिटनमध्ये ९१० मातांवर केलेला असा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाठ उपलब्ध होते, परंतु मागे माणूस जवळजवळ नव्हता. ज्या टिकल्या त्यांना काही लाभ झाला. पण अखेरच्या तपासणीपर्यंत निम्म्या स्त्रियासुद्धा उरल्या नाहीत. संशोधकांनी पुढच्या प्रयोगात त्याच पाठांना दूरध्वनीवरून नियमित बोलणाऱ्या साहाय्यकाची जोड दिली. ऑस्ट्रेलियातील अशाच एका उपक्रमातही पाठांच्या जोडीला दूरध्वनीवरून धीर देणारी व्यक्ती होती. म्हणजे ज्या देशांत हे साधन जन्मले, तेथेही ते एकट्याच्या पायावर उभे राहिले नाही. त्याला माणसाचा आधार लागला. भारताकडे येताना मात्र पाठ तेवढे येतात आणि माणूस वाटेतच गळतो. खर्च माणसाचा असतो, पाठाचा नव्हे. हेच त्याचे कारण नाही काय?

आणि हे पाठ उघडावयाचे कोणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्क्यांजवळ होता, आणि इंटरनेटचा एकदा तरी वापर केलेल्या स्त्रिया जेमतेम एकतृतीयांश होत्या. त्यानंतर फोन वाढले असतील. परंतु घरातला फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि बाळंतिणीची सवड कोणाच्याच खिशात नसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याची गणती 'एक कोयता' अशी होते. मुकादमाची उचल फिटेपर्यंत बाई बाळंत झाली तरी कोयता मोडता येत नाही. खाडा पडला की उचलीवर दंड चढतो. कोपीत बाळ झोळीत टाकून अनेकदा काही दिवसांतच फडात उभ्या राहणाऱ्या या स्त्रीने झोपेचे वेळापत्रक कोणत्या रात्री आखावे? सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी, डिंकाचा लाडू हा बाळंतपणाचा जुना आधारही तिच्या वाट्याला येत नाही. आणि त्या आधाराचा खर्च तरी माहेरच्या गरिबांच्याच माथी मारलेला होता, हे विसरून चालणार नाही.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली एडिंबरोहून आलेली दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. रात्री दोन वाजता एखाद्या मातेने मोबाइलवर या प्रश्नाला 'होय' म्हटले, तर पुढे काय? पडद्यावर उमटलेली सूचना तिच्या हातून बाळ घेणार नाही की तिच्यापाशी बसणार नाही. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' सेवा सुरू केली, ती स्वागतार्हच आहे. कारण तेथे निदान माणसाचा आवाज आहे. परंतु तो आवाज ऐकल्यानंतर जावयाचे कोठे, हा प्रश्न तालुक्याच्या गावी अनुत्तरितच राहतो.

मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले होते. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलावा, आणि स्त्रियांच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढील वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जी गोष्ट राष्ट्राची म्हणून मांडली गेली, ती आज पुन्हा एकट्या बाईची करून टाकण्यात येत आहे.

प्रसूती-लाभाचा १९६१ चा केंद्रीय कायदा २०१७ साली दुरुस्त होऊन भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, याचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ही मर्यादा. घरकामगार, शेतमजूर, बिडी वळणाऱ्या, फेरीवाल्या यांच्यापर्यंत ती पोचते कोठे? त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६ हजार रुपयांचे वचन दिले. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने पहिल्या बाळंतपणाला ५ हजार रुपये ठरविले, आणि दुसऱ्या खेपेस ६ हजार रुपये द्यावयाचे ते मुलगी झाली तरच. सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीशी या रकमेची तुलना करून पाहावी, म्हणजे कष्टकरी मातेच्या झोपमोडीचे मूळ कोठे आहे ते समजेल. तिला विश्रांतीचे पैसे नाकारावयाचे आणि विश्रांतीचे पाठ फुकट वाटावयाचे, हा कोणता न्याय?

'काहीच नसण्यापेक्षा हे बरे' हा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. तो फसवा आहे. कारण काहीच नाही, हे खरे नाही. देशातील ८८ टक्क्यांहून अधिक प्रसूती आता रुग्णालयांत होतात. तेथून घरी परतलेल्या प्रत्येक मातेकडे ४२ दिवसांत सहा वेळा आशा कार्यकर्तीने जावे, अशी योजना आहे. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, आईच्या रक्तस्रावाची चौकशी करते. उंबरठा ओलांडून आत जाणारी ती एकमेव सरकारी व्यक्ती होय. या सर्व फेऱ्यांसाठी केंद्राने तिला ठरवून दिलेला मोबदला २५० रुपये! 'स्वयंसेविका' म्हणून तिला कर्मचाऱ्याचा दर्जा नाकारला जातो. महाराष्ट्रातील आशांना ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संपावर जावे लागले, ते हौसेने नव्हे. मातेचे स्वयंसाह्य आणि आशाची स्वयंसेवा, या दोन्ही 'स्वयं'मागे एकच हिशेब आहे: स्त्रीच्या श्रमाचे दाम द्यावयाचे नाही.

यंत्राने माणसाची जागा घेण्याचा अनुभवही महाराष्ट्राला नवा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. ते फोन कमी क्षमतेचे होते, दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्याच माथी येत होता, आणि पोषणाची नोंद करावयाचे ॲप मराठीतून नव्हते. त्या सेविका यंत्रविरोधी नव्हत्या; काम होईल असे यंत्र त्या मागत होत्या.

माणसाच्या मार्फत हे कार्य साधते, याचा पुरावा शेजारीच आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावोगाव फिरणाऱ्या साध्या आरोग्यसेविकांना नैराश्यग्रस्त मातांशी कसे बोलावे, याचे शिक्षण देण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर त्यांच्या गावांत २३ टक्के माता आजारी उरल्या होत्या. इतर गावांत ५३ टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली. गोव्यातही वस्तीतल्याच स्त्रियांना शिकवून असा प्रयोग झाला. तेथे लाभ माफक असला तरी दिशा तीच होती. या सेविका मनोविकारतज्ज्ञ नव्हत्या. त्या घरी जात होत्या, पुन्हा पुन्हा जात होत्या, आणि सासूशी व नवऱ्याशीही बोलत होत्या. पडद्यावरचा पाठ सासूशी बोलत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक स्त्रीला, अपत्य कितवे व कोणते हे न विचारता, सहा महिन्यांच्या किमान वेतनाइतका प्रसूती-लाभ मिळाला पाहिजे. आशा व अंगणवाडी सेविकांना कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन देऊन, मातेच्या मनाची विचारपूस हा त्यांच्या गृहभेटींचा नियमित भाग झाला पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तो तालुक्याच्या रुग्णालयात उपचार करणाऱ्या माणसाच्या रूपाने दिसला पाहिजे. मारहाणीची तक्रार ऐकणारी यंत्रणा त्याला जोडलेली असली पाहिजे. एवढे केल्यावर मराठीतून, सोप्या भाषेत हवे तेवढे पाठ मोबाइलवर यावेत. त्यांचे स्वागतच होईल.

आणि कार्यकर्त्यांनीही आपली यादी दुरुस्त करावी. युनियनच्या मागणीपत्रकात, महिला आघाडीच्या मेळाव्यात, वस्तीच्या सभेत बाळंतिणीच्या मनाचा प्रश्न यापुढे वगळला जाऊ नये. ज्या घरी पाळणा हलला, त्या घरी पेढे खाण्यास जाणारे पुष्कळ असतात. बाळाच्या आईला झोप लागते का, एवढे विचारणारे कोणीतरी जावयास हवे. तेथून संघटनेला सुरुवात होते.