सत्तेची वाटणी

‘अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे चार वर्षांचा राजाच की हो!’ शेजारचे अण्णा परवा म्हणाले. मी त्यांना विल्सनसाहेबांची गोष्ट सांगितली. राष्ट्रसंघासाठी ते जिवाचे रान करीत होते. १९१९ साली त्यांनी व्हर्सायच्या तहावर सही केली. पण तहाला सिनेटची दोन तृतीयांश मते लागतात. सिनेटने अटी घातल्या, त्या विल्सनना मानवेनात. १९ मार्च १९२० रोजी अटींसह तहाला ४९ मते मिळाली, विरुद्ध ३५. सात कमी पडली! विरुद्ध मते देणाऱ्यांत विल्सनांचेच कित्येक पाठीराखे होते. राष्ट्रसंघात अमेरिका कधीच गेली नाही.

‘मग चुकले कोण?’ अण्णांनी विचारले.

मी म्हटले, ‘अण्णा, घटना वाटणी करून देते, नांदायचे कसे, ते ज्याचे त्यानेच शिकायचे.’