आधी फोटो जपा, मग कार्ड करा

देवपुरातल्या बहुतेक घरांत आई-वडिलांच्या लग्नाचा एखादा तरी फोटो असतो. कुणाकडे भिंतीवर, कुणाकडे कपाटात साड्यांच्या घडीखाली, कुणाकडे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. लग्नाला पंचवीस किंवा पन्नास वर्षं होत आली की मुलांना तो आठवतो. त्यावरून हाताने एखादं कार्ड करून द्यावं असं वाटतं. घरात लग्न निघालं की नवरा-नवरीचा फोटो लावून निवडक माणसांसाठी वेगळी पत्रिका करावी, असंही वाटतं. करा, जरूर करा. विकतच्या कार्डावरच्या गुलाबांना तुमच्या घरचं काहीच ठाऊक नसतं.

पण कात्री हातात घेण्याआधी एवढं ऐका. मूळ फोटो कापू नका. त्याला गोंद लावू नका. कार्डासाठी त्याची प्रत काढा आणि मूळ फोटो होता तिथे, किंवा त्याहून चांगल्या जागी, परत ठेवा.

आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी जोडप्यांचा दोघांचा मिळून असा तेवढा एकच फोटो असतो. ज्या स्टुडिओत तो काढला तो कधीच बंद झालेला असतो. निगेटिव्ह कुठे गेली, कुणाला माहीत नसतं. तो फोटो कापला, की मागे उभी असलेली आत्या गेली, कडेला बसलेले आजोबा गेले, मांडव गेला. ते परत आणता येत नाहीत.

कागद जपणं आपल्या गावाला नवं नाही. पांझरा ओलांडून जुन्या धुळ्यात गेलात की राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले. लोकांच्या घरात पडून असलेली दप्तरं त्यांनी सोडवली, वाचली, छापली. वाईला हाती लागलेल्या पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं मंडळ उभं राहिलं. ते कागद टिकले, कारण कुणीतरी ते वेळेवर बाहेर काढले. तुमच्या घरातला लग्नाचा फोटोही असाच कागद आहे. घरात लग्नाचा वाढदिवस आला, हे तो बाहेर काढायला चांगलं निमित्त आहे.

आता प्रत कशी काढायची ते सांगते.

फोटो फ्रेममध्ये असेल तर मागचे खिळे सावकाश वाकवून तो बाहेर काढा. वर्षानुवर्षं काचेला लागून राहिलेला फोटो कधी कधी काचेला चिकटतो. तसं असेल तर अजिबात ओढू नका. पाण्याने सोडवायला जाऊ नका. काचेसकटच त्याची प्रत काढून घ्या. धूळ असेल तर कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झटका. ओलं फडकं नको.

सगळ्यात चांगलं म्हणजे फोटो स्वतः घेऊन स्टुडिओत जा. तिथे स्कॅन करून मागा. दुकानदाराला सांगा, ‘६०० डीपीआयवर करा.’ म्हणजे छोटा फोटोही मोठा करता येतो. काम होईपर्यंत तिथेच थांबा आणि मूळ फोटो हातात घेऊनच निघा. ‘उद्या न्या’ म्हणाले तर उद्याच जा.

स्टुडिओत जाणं जमत नसेल तर मोबाईल चालेल. खिडकीजवळ टेबलावर फोटो सपाट ठेवा. ऊन थेट पडू देऊ नका. फ्लॅश बंद ठेवा. मोबाईल फोटोच्या बरोबर वर, आडवा धरा. काच असेल आणि तुमचंच प्रतिबिंब दिसत असेल, तर मोबाईलच्या मागे काळं कापड धरायला कुणाला तरी सांगा. चार-पाच वेळा काढा आणि मोठं करून चेहरे बघा.

हा फोटो दुकानदाराला किंवा बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवताना नेहमीसारखा पाठवलात तर तो बारीक होतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग जसा आहे तसा पोहोचतो.

यानंतर एक धोका आहे आणि तो हल्ली वाढलाय. फोटो ‘सुंदर’ करून देण्याचा. जुना फोटो साफ करणं ठीक. घडीची रेघ घालवणं ठीक. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडतात, ते सुधारणंही ठीक. पण मोबाईलमधली काही ॲप चेहरा गोरा करतात, कपाळावरच्या रेषा पुसतात आणि त्याबरोबर गोंदणही पुसतात. आपल्या खान्देशातल्या जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण आहे. ते डाग समजून काढून टाकलं तर कार्डावर दुसरीच बाई दिसेल. आजी ते कार्ड हातात घेईल, काही बोलणार नाही, पण तिला कळेल. म्हणून स्टुडिओत बजावून सांगा: रंग उजळू नका, गोंदण काढू नका.

काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग भरायचेच असतील तर आधी घरात विचारा. शालू कुठल्या रंगाचा होता? फेटा कसला होता? यंत्र आपल्या मनाने हिरव्याचा लाल करतं. खरं सांगायचं तर मला काळा-पांढरा फोटो तसाच आवडतो. पण ठरवायचं तुम्ही.

आता कार्ड. यात फार काही लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर मापाचं जाड कार्डशीट मिळतं, ते आणा. हातकागद मिळाला तर उत्तम. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून असा कागद करते, पुण्याला कुणी जाणार असेल तर त्यांना आणायला सांगा. नसेल तर साधं शीट पुरतं. मधोमध घडी घातली की पुढचं पान साधारण पंधरा बाय एकवीस सेंटीमीटरचं होतं. नेहमीचा चार बाय सहा इंची फोटो त्यावर उभा ठेवला की चारही बाजूंना मोकळी जागा राहते. फोटो आडवा असेल तर कार्डही आडवं धरा.

जाड कागदाची घडी नुसती दाबली तर ती तुटक, खरबरीत येते. आधी पट्टी ठेवा. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने एक रेघ दाबून ओढा. मग त्या रेघेवर घडी घाला. सरळ आणि स्वच्छ येते. मुलांना हे काम द्या, त्यांना आवडतं.

फोटोची प्रत साध्या रंगीत झेरॉक्सवर काढू नका. स्टुडिओतून फोटोच्या कागदावर काढा, चकचकीत न घेता मॅट घ्या. त्यावर बोटांचे ठसे कमी दिसतात आणि दिव्याखाली चमक येत नाही. चिकटवायला पातळ गोंद नको, कागद ओला होऊन सुरकुततो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक वापरा. मणी, टिकल्या, लेस हवी तर थोडीच लावा. फोटोतल्या चेहऱ्यांकडे नजर गेली पाहिजे.

आतलं पान मात्र घाईत भरू नका. खरं काम तिथेच आहे.

मोबाईलवर आलेल्या शुभेच्छा उतरवून काढू नका. दुसऱ्या कुणाच्या कार्डावर येऊच शकणार नाही, असं एखादं वाक्य लिहा. त्यासाठी आधी विचारावं लागेल. लग्न कुठल्या गावी लागलं? वऱ्हाड बैलगाडीने गेलं की एसटीने? पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती का? हळदीला कोण रुसलं होतं? आईला एका वेळी विचारा, वडिलांना दुसऱ्या वेळी. दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही लिहा. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच लिहा. ‘मनी माय’ म्हणून सुरुवात केलेलं कार्ड आई जास्त वेळा उघडून बघेल.

तारखेची खात्री करून घ्या. जुन्या माणसांना तारीख आठवत नाही, ‘आखाजीनंतर लग्न झालं’ एवढंच आठवतं. जुनी पत्रिका सापडली तर तिच्यावरून बघा. नाही सापडली तर आखाजीनंतर असंच लिहा. अंदाजाने तारीख टाकू नका. एकदा कार्डावर आलेली तारीख पुढे सगळे खरी धरतात. नावंही दोघांची पूर्ण लिहा. ‘सौ. व श्री. अमुक’ एवढ्यात आईचं नाव हरवतं.

लिहून झालं की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

लग्नाच्या पत्रिकेवर फोटो लावणार असाल तर आधी दोन्ही घरांना विचारा. मुलीला स्वतःला विचारा, नुसतं तिच्या वडिलांना नको. ती पत्रिका मोबाईलवरून कुठल्या कुठे जाते. म्हणून फोटो असलेल्या कार्डावर घराचा पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर छापू नका. पत्ता साध्या पत्रिकेवर राहू द्या. एकवीरा देवीपुढे ठेवायची पहिली पत्रिकाही साधीच ठेवा, तिला फोटोची गरज नाही.

कार्डाचा फोटो नातेवाइकांना पाठवायचा असेल तर फोटो म्हणूनच पाठवा. आणि तुम्हाला कुणाची पत्रिका आली तर नीट बघा. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असतील तर ती पत्रिका नाही. ते मोबाईलमध्ये घुसणारं ॲप आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अशीच व्हॉट्सॲपवर आलेली पत्रिका उघडली आणि त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी फोन करून विचारा. चुकून उघडलीच तर मोबाईलचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० वर तक्रार करा आणि बँकेला कळवा. लाजून गप्प बसू नका, उशीर केला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

आपल्याकडे काही बहिणी, वहिनी घरबसल्या अशी कार्डं करून विकतात. त्यांना काम द्या. पण नमुना बघून द्या. लागणारी तारीख दोन-चार दिवस आधीची सांगा. मूळ फोटो त्यांच्याकडे ठेवू नका, प्रत द्या. आणि तुम्ही स्वतः कार्डं करत असाल, तर गिऱ्हाइकाचा फोटो स्वतःच्या स्टेटसला लावण्याआधी विचारत जा. कागद आणि प्रिंटचे पैसे धरताना हाताच्या मेहनतीचेही धरा. ओळखीतलं काम म्हणून फुकट करू नका.

कार्ड पोस्टाने पाठवायचं असेल तर आत एक जाड पुठ्ठा घाला, वर मणी असतील तर खोक्यातून पाठवा. काउंटरवर वजन करून घ्या. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, त्यामुळे पोच हवी असेल तर स्पीड पोस्टच मागा. पोस्टाची ‘माय स्टॅम्प’ नावाची योजनाही आहे. तुमचा फोटो घेऊन ते तिकिटं छापून देतात, एका शीटवर बारा. ती पाकिटावर खरोखर चालतात. आई-वडिलांच्या फोटोचं तिकीट लावलेलं पाकीट पुण्या-मुंबईच्या भावंडांना आलं तर ते काय म्हणतील, विचार करा. आपल्या पोस्टात ही सोय आहे का आणि दर काय, ते आधी विचारून घ्या.

सगळं झाल्यावर मूळ फोटोकडे परत या. आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. पत्र्याखालचा माळा, गच्चीला लागून असलेली भिंत, ऊन येणारी खिडकी, तिन्ही जागा वाईट. चिकट पानांच्या अल्बममध्ये असेल आणि सहज निघत असेल तर काढून घ्या, त्या पानांचा डिंक फोटो खातो. कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून कपाटातल्या मधल्या कप्प्यात ठेवा. सेलोटेप नको, टाचणी नको, स्टेपल नको. स्कॅन केलेली प्रत दोन भावंडांच्या मोबाईलमध्ये तरी असू द्या.

आणि फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, फोटोत कोण कोण आहे त्यांची नावं लिहा. बॉलपेनने नको, ते पुढे उमटतं. येत्या आखाजीला लेकी माहेरी येतील. आत्या येईल, मावशी येईल. त्यांना फोटो दाखवा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. ती नावं सांगणारी माणसं घरात आहेत, तोवर विचारून घ्या.