जुनी पिकअप, नवी ताकद? आधी धुराचा हिशेब मांडा

रीमॅपच्या रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. लॅपटॉप गाडीला जोडला, थोड्या वेळात नवी फाइल भरली आणि ७० अश्वशक्तीची गाडी ८५ ची झाली! खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न, 'भाई, रेट काय?' तुमच्या घरी दहा-बारा वर्षांची डिझेल पिकअप असेल, तीच पहाटे मार्केट यार्डात भाजी नेत असेल आणि येताना खताची पोती आणत असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असणार. गाडी घाटात ओढत नाही. नवी घ्यायची तर हप्ता झेपत नाही. मग आहे त्याच इंजिनातून थोडी जास्त ताकद काढली, तर बिघडलं कुठे?

उत्तर शोधायला आधी गेल्या वर्षीच्या बातम्या बघू. जुन्या गाड्यांबाबतचं धोरण ज्या दिशेने चाललंय, नेमकी त्याच्या उलट दिशेने ही स्वस्त ताकद नेते.

वय की धूर?

दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, हे तुम्ही वाचलं असेल. १ जुलै २०२५ पासून तर तिथे अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा आदेश लागू झाला. लोक भडकले आणि काही दिवसांतच तो मागे पडला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, फक्त वयाकडे बघून सक्तीची कारवाई करू नका. मग १७ डिसेंबरला त्यात बदल झाला. आता हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच आहे, त्याआधीच्या गाड्यांना नाही.

हा आदेश दिल्ली परिसरापुरता आहे, महाराष्ट्राला लागू नाही. पण त्यातला मुद्दा लक्षात घ्या. 'गाडी किती वर्षांची?' या प्रश्नाच्या जोडीला आता 'धूर किती?' हा प्रश्न आलाय. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. म्हणजे २०१४-१५ ची ग्रामीण भागात नोंदवलेली पिकअप बहुधा बीएस-३ असणार. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून आजच बघून घ्या.

खर्चाचा काटाही वर सरकतोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने फिटनेस तपासणीच्या शुल्काचे टप्पे बदलले. आधी वाढीव दर १५ वर्षांनंतर लागायचा, आता तो १० वर्षांपासूनच सुरू होतो. २० वर्षांपुढच्या हलक्या वाहनाला तर १५,००० रुपये. पिवळ्या पाटीची गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं, हेही त्यात धरा.

ताकद येते कुठून?

डिझेल इंजिनाचा हिशेब तसा सरळ आहे. जास्त डिझेल जाळलं की जास्त ताकद. पण ते पूर्ण जळायला हवाही तेवढीच जास्त लागते. जुन्या पंपाच्या गाडीत मेकॅनिक पंपाचं सेटिंग वाढवून देतो, कॉमन रेल गाडीत तेच काम लॅपटॉपवरून होतं. रीमॅपमध्ये डिझेलचं प्रमाण, ते सोडण्याची वेळ, रेलमधला दाब आणि टर्बोचा दाब बदलतात.

गाडी नवी असेल, टर्बो ठणठणीत असेल, तर वाढीव डिझेलला हवा पुरते. १२ वर्षांच्या गाडीत इंटरकूलरचा होज चिरलेला, एअर फिल्टर धुळीने भरलेला आणि नोझल झिजलेले. तिथे डिझेल वाढवलं की ते अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. तो धूर म्हणजे तुमच्याच पैशाचं डिझेल. शिवाय चढावर लोड घेऊन चालताना आतलं तापमान वाढतं. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात, हेड गॅस्केट जुनं असतं, रेडिएटर अर्धा चोंदलेला असतो. यातून जे बचावतं त्याचा भार क्लच प्लेटवर येतो.

पीयूसीमध्ये डिझेल गाडीची हीच गोष्ट मोजतात. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धुरातून प्रकाश किती अडतो ते बघतात. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ ला ५०. झिजलेल्या इंजिनाला जास्त डिझेल पाजलं की सगळ्यात आधी हाच आकडा चढतो.

'पण अमेरिकेत तर सर्रास करतात!' असं कुणी म्हणेल. तिथल्या पिकअपचं इंजिन ६.७ लिटरचं असतं, आपलं अडीच लिटरचं. आणि तिथेही हे कायदेशीर नाही. प्रदूषणाची यंत्रणा काढून टाकलेल्या डिझेल पिकअपची संख्या दहा वर्षांत साडेपाच लाखांवर गेल्याचा अंदाज तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०२० मध्ये मांडला होता. व्हिडिओत हे सांगत नाहीत.

आपला कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. धूर आणि आवाजाचं कलम १९० वेगळं. तिथे पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर लायसन्सही तीन महिने अपात्र.

'लॅपटॉपवर केलेला बदल पोलिसाला दिसणार कसा?' रस्त्यावर कदाचित दिसणारही नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. न सांगितलेला बदल त्याला सापडला, तर दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. ज्या गाडीवर घर चालतं, तिच्यासाठी हा जुगार महाग आहे.

घाटाचं गणित

आता मूळ तक्रार, गाडी ओढत नाही. बारावीच्या फिजिक्सने मोजू. मालासकट तीन टन वजन, १०० मीटरला सहा मीटर चढ, वेग ताशी ४० किलोमीटर. चढ, टायरचं घर्षण आणि वारा धरून चाकांपाशी साधारण ३५ अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्समधली गळती धरली तर ४०. म्हणजे ७० अश्वशक्तीची तब्येतीने चांगली पिकअप हा घाट आरामात चढायला हवी. चढत नसेल, तर कंपनीने दिलेली ताकद मधेच कुठेतरी हरवलीये.

किंवा मग माल जास्त आहे. याच हिशेबात प्रत्येक जादा ५०० किलोला सुमारे सहा अश्वशक्ती खर्ची पडते. सव्वा टन ओव्हरलोड केला की रीमॅपने मिळवलेले १५ घोडे तिथेच संपले. त्यात कलम १९४ खाली ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

मग प्लॅन कसा करायचा?

रोज चालणारी गाडी आठवडाभर गॅरेजला उभी करणं परवडत नाही. म्हणून मार्केटच्या सुट्टीच्या दिवशी एकेकच काम करा आणि प्रत्येक कामानंतर ॲव्हरेज वहीत लिहा. पाच कामं एकदम केली तर फरक कशाने पडला, ते कळत नाही.

१. आधी मोजमाप. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा, धुराचा आकडा घ्या, ऑइल किती खातेय ते बघा. कॉम्प्रेशनच गेलं असेल तर बाकी सगळं फुकट. तिथे इंजिनाचं काम करायचं की गाडी बदलायची, हा निर्णय आधी घ्या.

२. मग हवा. एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज, टर्बोच्या शाफ्टचा प्ले, चोंदलेला सायलेन्सर. इथे खर्च सगळ्यात कमी आणि फरक बऱ्याचदा सगळ्यात जास्त.

३. नंतर पंप-नोझल. मशीनवर तपासून कंपनीच्या सेटिंगवर आणा, त्याच्या वर नाही. टॅपेट सेटिंगही तेव्हाच.

४. कूलिंग. रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट. उन्हाळ्याच्या आधी.

५. क्लच, ब्रेक, टायर. घसरणारी क्लच प्लेट आणि अडकून राहणारा ब्रेक दोन्ही ताकद खातात. दिसायला भारी म्हणून मोठे टायर टाकले की चढावरची ओढ आणखी कमी होते.

इतकं करूनही कमी पडत असेल, तर गाडी तुमच्या मालाला लहान आहे. मग जास्त क्षमतेची गाडी बघायची. त्याच मॉडेलचं इंजिन बदलायचं ठरलं, तर आरटीओत नोंद करायला विसरू नका, आरसीवर इंजिन नंबर असतो.

एक टोचणारी बाजू यात आहे आणि ती झाकून उपयोग नाही. रीमॅप विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक जातं, कारण नवी बीएस-६ गाडी सगळ्यांना झेपत नाही. जुनी गाडी नीट ठेवणाऱ्याला फिटनेसच्या शुल्कात सूट नाही. काळा धूर ओकणारी आणि स्वच्छ चालणारी, दोन्ही १२ वर्षांच्या गाड्यांना शुल्क एकच. धूर मोजायचं यंत्र गल्लोगल्ली असताना शुल्क त्या आकड्याशी का जोडू नये, हा प्रश्न तुम्ही मतं मागायला येणाऱ्यांना नक्की विचारा.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. पुढच्या वेळी पीयूसी काढाल तेव्हा सर्टिफिकेट नुसतं डॅशबोर्डमध्ये टाकू नका. त्यावरचा धुराचा आकडा वाचा आणि मागच्या सर्टिफिकेटशी ताडून बघा. आकडा वाढला असेल, तर रीमॅपचा रेट विचारण्याआधी मेकॅनिकला एअर फिल्टर उघडायला सांगा.