सात किलोंचा काटा कोणासाठी?

२६ जुलै २०२५ रोजी श्रीनगर विमानतळावर हातसामानाच्या वजनावरून निघालेला वाद मारहाणीपर्यंत गेला. विमान कंपनीच्या निवेदनानुसार एका प्रवाशाकडे दोन नगांत मिळून १६ किलो सामान होते. मर्यादा ७ किलोंची होती. जादा वजनाचे पैसे मागताच त्याने दारावरच्या कर्मचाऱ्यांवर हल्ला केला आणि चार जण जखमी झाले. या प्रकाराचा निषेध सर्वांनी केला आणि तो योग्यच होता. परंतु निषेध करून झाल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो कोणी फारसा विचारला नाही. ज्या वसुलीतला एक पैसाही त्या कर्मचाऱ्याच्या घरी जात नाही, तिच्यासाठी मार त्यानेच का खावा? प्रवासी आणि पगारी नोकर यांना समोरासमोर उभे करणारी ही व्यवस्था कोणी आणि कशासाठी उभारली?

विमानप्रवास हा वरच्या वर्गाचा शौक, त्यातील गैरसोयींची चर्चा समाजवाद्यांनी कशाला करावी, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तीस वर्षांपूर्वी तो रास्त ठरला असता. २०२४ साली देशांतर्गत विमानप्रवास करणाऱ्यांची संख्या १६ कोटींच्या वर गेली. त्यांत आखातात मजुरीला जाणारा रत्नागिरीचा तरुण आहे, मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णाचा नातलग आहे, पुस्तकांची बॅग घेऊन शिकायला निघालेली मुलगी आहे. सरकारने २०१६ साली ‘उडान’ योजना जाहीर केली तीच मुळी साध्या चपला घालणाऱ्या माणसालाही विमानात बसवण्याची भाषा करीत. अशा माणसाला विमानात बसवायचे आणि त्याच्या गाठोड्यावर मात स्वतंत्र पट्टी बसवायची, हा व्यवहार राजकीय विचारसरणीच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वजनाची मर्यादा ही स्वतः अन्यायकारक नाही. उलट, ओझ्याला मर्यादा असावी ही कामगार चळवळीचीच जुनी मागणी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनाविषयीचा करार संमत केला; आरोग्याला धोका पोहोचेल इतके ओझे कोणत्याही कामगाराला वाहायला लावू नये, हे त्याचे सूत्र होते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. पोत्याचे वजन पन्नास किलोंच्या आत ठेवा, ही हमाल संघटनांची मागणी मानवी पाठीच्या कण्याच्या अनुभवातून आलेली आहे. विमानाच्या पोटात चढवायचा एक नग ३२ किलोंपेक्षा जड नसावा, हा जगभर बहुतेक कंपन्या पाळत असलेला दंडक त्याच विचारातून निघाला.

हातसामानालाही हेच लागू पडते. डोक्यावरच्या कप्प्यातून जड बॅग निसटली तर खाली बसलेल्याचे डोके फुटते. ती उचलून वर कोंबण्याचे काम बहुधा विमानसेविकेच्या वाट्याला येते आणि दिवसातून अनेकदा येते. संकटकाळी तर सामान जिवावर उठते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील पाच जण मृत्युमुखी पडले. परंतु प्रवासी विमानातील सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर पडली. सामान जागेवरच सोडण्याची शिस्त हे त्याचे एक मोठे कारण होते. तेव्हा मर्यादा हवीच. वाद आहे तो मर्यादेशी नव्हे, मर्यादेच्या आडून चालणाऱ्या व्यापाराशी आहे.

हा व्यापार ओळखण्याची खूण सोपी आहे. नऊ किलोंची बॅग दारावर पकडली जाते, प्रवासी पैसे भरतो आणि तीच बॅग त्याच विमानाच्या पोटात जाते. विमानाचे एकूण वजन एका ग्रॅमनेही बदलत नाही. बदलतो तो फक्त कंपनीचा गल्ला. सुरक्षा विभागाने हातसामानाच्या नियमातून ज्या वस्तू वगळल्या, त्यांत औषधे, बाळाचे दूध, कुबड्या यांच्याबरोबरच विमानतळावरील करमुक्त दुकानात घेतलेल्या भेटवस्तूही आहेत. घरून आणलेल्या लोणच्याच्या बरणीचे वजन भरते आणि दुकानातून घेतलेल्या बाटलीचे भरत नाही, हे भौतिकशास्त्राच्या कोणत्या नियमात बसते? स्वस्त वर्गातल्या प्रवाशाला सात किलो आणि वरच्या वर्गातल्याला दहा, ही तफावत तर सुरक्षिततेच्या युक्तिवादाचे उरलेसुरले वस्त्रही काढून घेते. कप्प्यातून पडणारी बॅग तिकिटाचा वर्ग पाहून पडत नाही.

हा प्रकार कसा वाढला हे समजून घेतले पाहिजे. २००८ साली इंधनाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने विमानाच्या पोटात जाणाऱ्या पहिल्याच बॅगेवर १५ डॉलरचे शुल्क बसवले. इतर बड्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. पुढे इंधनाचे भाव उतरले. शुल्क उतरले नाही. पैसे वाचवण्यासाठी प्रवाशांनी सामान हातात घेतले, डोक्यावरचे कप्पे भरून वाहू लागले, आणि मग त्या गर्दीचे कारण सांगून हातसामानावर पहारा बसला. आधी टंचाई निर्माण करायची आणि नंतर टंचाईची किंमत वसूल करायची, ही साठेबाजाची रीत येथे आधुनिक वेष धारण करून आली.

भारतातही हीच पावले उमटलेली दिसतात. एअर इंडिया सार्वजनिक मालकीची असताना देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर २५ किलो सामान नेता येत असे. खासगी कंपन्या १५ किलो देत. जानेवारी २०२२ मध्ये ती कंपनी टाटा समूहाच्या हाती गेली. मे २०२४ पर्यंत तिच्या सर्वांत स्वस्त भाड्यातील मर्यादाही १५ किलोंवर आली होती. सार्वजनिक कंपनीच्या कारभारात दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्या अस्तित्वामुळे बाजारात एक माप टिकून होते, ते गेले. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी दहांतले नऊ जण दोनच समूहांच्या विमानांनी प्रवास करतात. अशा बाजारात प्रवाशाने दुसरी कंपनी निवडावी, हा सल्ला म्हणजे क्रूर थट्टा आहे.

कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. जो प्रवासी रिकाम्या हाताने जातो त्याने दुसऱ्याच्या ओझ्याचा खर्च का सोसावा, असे त्या म्हणतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केवळ हातसामान नेणाऱ्यांना स्वस्त तिकीट देण्यास परवानगी दिली, ती याच तत्त्वावर. तत्त्व म्हणून त्यात तथ्य नाही असे नाही. पण रिकाम्या हाताने जातो कोण? सकाळी निघून संध्याकाळी परतणारा कंपनीचा अधिकारी. आणि ओझे कोणाजवळ असते? दोन वर्षांनी घरी परतणारा मजूर, मुलाला कडेवर घेतलेली आई, बिऱ्हाड हलवणारा नोकरदार. पहिल्याचे तिकीट बहुधा त्याची कंपनी भरते. दुसरा स्वतःच्या खिशातून भरतो. सामानावरची पट्टी ही अशा रीतीने उलट्या दिशेने चढणारा कर ठरते. ज्याची ऐपत कमी, त्याच्यावर भार जास्त. शिवाय सामानाचा खर्च भाड्यातून वेगळा काढल्यामुळे जाहिरातीतला दर स्वस्त भासतो आणि खरा दर विमानाच्या दारात कळतो, जेथून मागे फिरण्याची सोय उरलेली नसते.

या व्यवस्थेचे सर्वांत विद्रूप अंग परदेशांत उघडे पडले आहे. अमेरिकी सिनेटच्या चौकशी उपसमितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. फ्रंटियर आणि स्पिरिट या दोन कंपन्यांनी २०२२ व २०२३ या दोन वर्षांत नियमाबाहेरच्या बॅगा पकडण्यासाठी दारावरच्या कर्मचाऱ्यांना व इतरांना २ कोटी ६० लाख डॉलर बक्षिसी वाटली, असे त्यात नमूद आहे. युरोपातील रायनएअर मोठी बॅग पकडणाऱ्याला नगामागे दीड युरो देत असे. २०२५ साली तिने ही रक्कम अडीच युरो करण्याचे आणि महिन्याची कमाल मर्यादा काढून टाकण्याचे जाहीर केले. तुटपुंज्या पगाराच्या माणसाला पगारवाढ द्यायची नाही, सहप्रवाशाच्या खिशात हात घालण्याची दलाली मात्र द्यायची! श्रमिकाला श्रमिकाविरुद्ध वापरण्याची ही युक्ती गिरणीतल्या मुकादमाच्या काळापासून परिचित आहे.

विमानतळावर राबणाऱ्यांची स्थिती कशी आहे याचे दर्शन जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या कलिना भागात घडले. सामान चढवणाऱ्या कामगारांच्या सुमारे २,२०० जागांसाठी २५,००० हून अधिक तरुण जमल्याचे वृत्तपत्रांनी छापले. गर्दीत चेंगराचेंगरीची वेळ आली. त्यांतले कित्येक पदवीधर होते. प्रवाशाच्या सामानातून कोट्यवधी मिळवणारा उद्योग ते सामान पाठीवर घेणाऱ्याला काय देतो, हा प्रश्न सात किलोंच्या चर्चेत कधी येत नाही; तो आणला पाहिजे.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये एका स्पॅनिश प्रकरणात निर्वाळा दिला की, वाजवी वजनाचे व आकाराचे हातसामान हा प्रवासाचा अपरिहार्य भाग आहे आणि त्यासाठी वेगळी आकारणी करता येत नाही. त्या आधारावर स्पेनच्या ग्राहक-व्यवहार मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच विमान कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. तेथील मंत्री पाब्लो बुस्तिंदुय हे डाव्या सुमार आघाडीचे. कंपन्या न्यायालयात गेल्या. लढा सोपा नाही. परंतु शासनाने ठरवले तर ते बाजाराला जाब विचारू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे असा एक प्रयत्न झाला आणि तो फसला. २०१६ साली महासंचालनालयाने १५ ते २० किलोंमधल्या जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. कंपन्यांच्या संघटनेने आव्हान दिले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्यानंतर दर वाढले. तेव्हापासून सरकार हात बांधलेले असल्यासारखे वागते. वस्तुतः मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत याच सरकारने भाड्यांना किमान व कमाल मर्यादा घातल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची शेकडो उड्डाणे रद्द होऊन भाडी गगनाला भिडली, तेव्हाही कमाल भाडे ठरवून देण्यात आले. अर्थात प्रश्न अधिकाराचा नाही, इच्छेचा आहे.

कार्यकर्त्यांनी आणि ग्राहक संघटनांनी धरण्याजोग्या मागण्या मोजक्या आहेत. हातसामानाची मर्यादा सरकारने ठरवावी आणि ती सर्व वर्गांना एकच असावी. त्या मर्यादेतले हातसामान व एक वाजवी नग भाड्यातच समाविष्ट असावा, म्हणजे जाहिरातीतला दर खरा ठरेल. जादा वजनाच्या दरावर कमाल बंधन असावे, आणि दारावरचा दर आगाऊ दराहून अधिक नसावा. बॅगा पकडण्यावर बक्षिसी देण्यास, ती प्रथा येथे रुजण्यापूर्वीच, कायद्याने बंदी करावी. वसूल झालेल्या रकमेचा हिशेब कंपन्यांनी दरवर्षी वेगळा जाहीर करावा. सामान वाहणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या वेतनाची बोलणी करताना तो हिशेब युनियनच्या हाती असला पाहिजे.

एक काम मात्र कायदा बदलण्याची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. ज्या काट्यावर तोलून पैसे आकारले जातात, त्या काट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी होऊन त्यावर शिक्का असला पाहिजे, असा वैधमापन कायदा आहे. बाजार समितीतल्या कांद्याच्या व्यापाऱ्याला तो लागू आहे आणि भाजीच्या गाडीवाल्यालाही. विमानतळावरच्या काट्याला तो लागू नाही असे मानण्याचे कारण नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, जेथे जेथे विमानतळ आहे तेथील कार्यकर्त्यांनी वैधमापन कार्यालयाकडे लेखी अर्ज करून विचारावे की, विमानतळावरच्या काट्यांची पडताळणी शेवटची कधी झाली. अर्ज देताना काट्यामागे उभ्या असलेल्या मुला-मुलींना त्याचा हेतू समजावून सांगावा. ही तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही, आणि प्रवाशाचा राग त्यांनी झेलावा हेही कोणाला मान्य नाही, एवढे त्यांच्यापर्यंत पोहोचले तरी कामाची सुरुवात बरी झाली असे म्हणता येईल.